डागाभोंवतींचें खळें

सन २०२४ च्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत ग्रहणाचा काळा चष्मा डोळ्यांना लावून ज्यांनीं सूर्याकडे पाहिलें असेल, त्यांना दुर्बिणीच्या साहाय्यावांचून सूर्यबिंबावर एक काळा ठिपका दिसला असेल. (काजळी धरलेल्या कांचेंतून पाहण्याची आपल्या घरांतील जुनी पद्धति डोळ्यांना अपायकारक आहे, हें येथेंच सांगून ठेवणें बरें.) मोहरीच्या दाण्याएवढा दिसणारा तो ठिपका म्हणजे वस्तुतः डागांचा एक समूह होता, आणि त्याची लांबी एवढी होती कीं, आपल्या पृथ्वीसारखे पंधरा गोल तिच्यावर एका ओळींत मांडतां आले असते. ज्योतिषशास्त्रज्ञांच्या टिपणवहींत त्याला नांव नव्हतें, नुसता अनुक्रमांक होता : १३६६४. त्याच्यापासून निघालेल्या वादळांनीं १० व ११ मे यांमधील रात्रीं लडाखांतील हानले येथील आकाश तांबूस करून सोडलें. एरवीं ध्रुवप्रदेशाकडे दिसणारा तो प्रकाश भारताच्या भूमीवरून टिपला गेला.

वृत्तपत्रांनीं त्या लाल आकाशाचीं चित्रें छापलीं, चार दिवस चर्चा झाली आणि लोक आपापल्या कामाला लागले. डाग मात्र आपल्या मार्गानें पुढें सरकत होता. पृथ्वीवरून पाहतां सूर्य सुमारें सत्तावीस दिवसांत स्वतःभोंवतीं एक फेरा पुरा करतो. त्यामुळें तो समूह थोड्याच दिवसांत बिंबाच्या मावळतीच्या कडेआड गेला, आणि पुढील दोन आठवडे पृथ्वीवरील कोणत्याही दुर्बिणीस त्याचें दर्शन घडणें शक्य नव्हतें. तरीही त्याचा माग सुटला नाहीं. सूर्याच्या अलीकडच्या बाजूवर जी अखंड थरथर चालू असते, तिच्यावरून पलीकडच्या बाजूवर काय आहे तें शास्त्रज्ञ ताडीत होते. हा माग डोळ्यांपेक्षां कानांनीं काढल्यासारखा आहे. परंतु डाग आणि नाद यांचें परस्परांशीं जें नातें आहे, तें जितकें उपयोगी तितकेंच फसवें आहे. त्या नात्यांतील एका कोड्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

प्रथम डागाविषयीं थोडेंसें. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो त्यास दीप्तिगोल म्हणतात. त्याचें उष्णमान सुमारें साडेपांच हजार अंश असतें. मोठ्या डागाच्या मध्यभागीं तें पावणेचार हजारांच्या आसपास उतरतें. म्हणजे डाग काळा नव्हे, केवळ भोंवतालच्या मानानें मंद. तो थंड कां पडतो, याचें उत्तर अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंत जॉर्ज एलरी हेल यानें १९०८ सालीं शोधून काढलें. डागांतून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटांतील कांहीं रेषा दुभंगलेल्या आहेत, आणि असें दुभंगणें प्रबळ चुंबकाच्या सान्निध्यांतच घडतें, हें त्यानें दाखविलें. डाग म्हणजे सूर्याच्या पोटांतून वर आलेल्या चुंबकीय रेषांची एक घट्ट जुडी होय. पृथ्वीचें चुंबकत्व पृष्ठभागावर अर्ध्या गॉसच्या आसपास भरतें. मोठ्या डागांत तें दोन-तीन हजार गॉसवर जातें. एवढ्या रेषांच्या आवळणीमुळें खालून येणाऱ्या तप्त वायूची उकळी तेथें दबते, आणि तो भाग निवतो. डागाच्या मध्यभागीं या रेषा जवळजवळ उभ्या असतात. कडेकडे त्या पेंढीच्या मोकळ्या टोंकांप्रमाणें चोहोंकडे कलतात, आणि डागाच्या बाहेर तर त्या जवळजवळ आडव्या होऊन छतासारख्या पसरतात. हा कलता, आडवा होत जाणारा भागच आपल्या गोष्टींतील मुख्य पात्र आहे, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां नाद. चुलीवर भाताला उकळी आली म्हणजे पातेलें जसें खदखदतें, तसा सूर्याचा पृष्ठभाग सर्वकाळ खदखदत असतो. उकळीचा एकेक बुडबुडा हजार किलोमीटर रुंदीचा, आणि दहा मिनिटांच्या आंत तो विरून दुसरा त्याची जागा घेतो. या खदखदीचा जो कोलाहल होतो तो सूर्याच्या पोटांत शिरतो, आंतून वळून पुन्हां वर येतो, पृष्ठभागावर आपटून पुन्हां आंत जातो. सूर्य आणि आपण यांच्यामध्यें हवा नसल्यामुळें हा आवाज आपल्या कानीं पडणें नाहीं. पडता तरी तो मानवी कानाला ऐकूं येण्याजोगा नाहीं, कारण त्याच्या एका आंदोलनाला मिनिटेंच्या मिनिटें लागतात. परंतु तो पाहतां येतो. ठोक्याबरोबर नगाऱ्याचें कातडें जसें वरखालीं होतें तसा दीप्तिगोल वरखालीं होतो. आगगाडी शिटी वाजवीत आपल्याकडे येत असतां शिटीचा सूर चढा वाटतो व ती पुढें निघून गेल्यावर उतरतो, हें स्टेशनावर उभें राहिलेल्या प्रत्येकानें अनुभविलें आहे. प्रकाशाचेंही तसेंच. पृष्ठभाग आपल्याकडे येत असतां वर्णपटांतील रेषा किंचित् निळ्या बाजूस सरकते, दूर जात असतां तांबड्या बाजूस. हें सरकणें मोजलें कीं पृष्ठभागाचा वेग हातीं आला.

रॉबर्ट लेटन या शास्त्रज्ञानें १९६० सालीं माउंट विल्सन येथेंच हें मापन एका साध्या युक्तीनें केलें. रेषेच्या निळ्या व तांबड्या अशा दोन कांठांवर त्यानें सूर्याचीं दोन छायाचित्रें घेतलीं, आणि एकाची उलटी प्रत दुसऱ्यावर ठेवून पाहिली. दोन्हींत जें समान होतें तें पुसून गेलें. उरली ती केवळ गति. तो उकळीचा अभ्यास करावयास निघाला होता. त्याला आढळलें कीं, पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा सुमारें पांच मिनिटांनीं (त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६२ सालीं दिलेला आंकडा २९६ सेकंदांचा होता) पुन्हां पहिल्या जागीं येतो. ही थरथर वरवरची नसून सूर्याच्या आंत कोंडलेल्या नादाची आहे, हें अनुमान दहा वर्षांनीं पुढें आलें आणि १९७५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ डॉयब्नर याच्या मापनानें तें पक्कें झालें. बाजारांत मडकें घेतांना गृहिणी त्याला बोटानें टिचकी मारते आणि आवाजावरून तें भाजलें कसें आहे, कोठें चीर आहे काय, हें ओळखते. सूर्याला टिचकी मारण्याची आवश्यकता नाहीं. तो आपण होऊनच वाजत असतो. या वाजण्यावरून त्याच्या अंतरंगाचें निदान करणारें एक स्वतंत्र शास्त्रच पुढें उभें राहिलें.

या नादांत अनेक सूर आहेत. त्यांपैकीं सावकाश म्हणजे पांच मिनिटांच्या आसपास आंदोलणारे सूर आंत कोंडलेले राहतात. कारण पृष्ठभागाशीं वायु इतक्या झपाट्यानें विरळ होतो कीं, लांब लहरीला पुढें जावयास आधारच उरत नाहीं आणि ती मागें परतते. परंतु ज्या लहरींचें आंदोलन सुमारें तीन मिनिटें दहा सेकंदांहून कमी वेळांत पुरें होतें, त्या आंखूड लहरींना ही भिंत अडवूं शकत नाहीं. त्या पृष्ठभाग ओलांडून वरच्या विरळ थरांत, म्हणजे वर्णगोलांत, निसटून जातात. शांत सूर्यावर त्यांची कथा येथेंच संपते. गेल्या त्या परत येत नाहींत.

डागापाशीं मात्र हा व्यवहार बिघडतो. १९८७ सालीं ब्रॉन, ड्युव्हॉल व लाबोंट या तिघांनीं डागाकडे जाणाऱ्या व डागापासून बाहेर येणाऱ्या लहरींचा जमाखर्च मांडून पाहिला, तेव्हां खर्चाच्या बाजूला मोठी तूट आली. कांहीं लहरींपैकीं निम्मी शक्ति डाग गिळून टाकीत होता. डाग प्रकाशाला मंद आहे तसा नादालाही मंद आहे, हें ऐकून कोणास फारसें आश्चर्य वाटलें नाहीं. आश्चर्य पुढेंच होतें. १९९२ सालीं दोन निरनिराळ्या मंडळींनीं, एकींत टिमोथी ब्राउन व दुसरींत डग्लस ब्रॉन (नांवें जुळ्या भावांसारखीं असलीं तरी माणसें निराळीं), डागांच्या प्रदेशांत नेमक्या आंखूड लहरी निवडून पाहिल्या. सुमारें अडीच ते तीन मिनिटांच्या या लहरी डागाच्या आंत मंदच होत्या, परंतु डागाच्या भोंवतीं त्यांची शक्ति शांत सूर्यापेक्षांही अधिक होती! पावसाळ्याच्या तोंडीं चंद्राभोंवतीं खळें पडतें तसें डागाभोंवतीं नादाचें खळें पडलें होतें. आणि विशेष हें कीं, त्याच जागीं पांच मिनिटांच्या लहरी पाहिल्या तर खळ्याचा मागमूस नाहीं. उलट तेथें त्या थोड्या दबलेल्याच.

जो नादाला गिळतो त्याच्याच भोंवतीं नादाची दाटी कां व्हावी? कोणी म्हणाले, डागाच्या परिसरांत उकळीचें स्वरूप बदलतें आणि तेथें नवा आवाज उत्पन्न होतो. कोणी म्हणाले, आवाज नवा नाहीं. विखुरलेल्या चुंबकीय जुड्यांवर आदळून जुनाच इतस्ततः उडतो आहे. या दोहोंमध्यें फरक लहान नाहीं. पहिलें खरें असेल तर खळें म्हणजे एक झरा. दुसरें खरें असेल तर केवळ पडसाद.

निवाडा करावयाचा तर सूर्याकडे तासचे तास, पापणी न लववितां पाहत राहिलें पाहिजे. पृथ्वीवरून हें दुर्घट आहे. एक तर रोज सूर्य मावळतो. त्यावर तोडगा म्हणून १९९५ पासून पृथ्वीभोंवतीं सहा ठिकाणीं सारख्या दुर्बिणी बसविण्यांत आल्या, आणि त्यांपैकीं एक आपल्या उदेपुरास फत्तेसागर तलावांत असलेल्या सौर वेधशाळेची आहे. परंतु दुसरी अडचण त्यानें टळत नाहीं. तापलेल्या रस्त्यावरून दुपारीं पाहिलें असतां पलीकडचीं झाडें पाण्यांतल्यासारखीं हलतात. आपल्या हवेमुळें दुर्बिणींतील सूर्यबिंबही तसेंच हलतें. आंखूड लहरी मुळांतच दुबळ्या. त्यांचें कंपन कोणतें आणि हवेचें कोणतें, हें निवडणें म्हणजे वाळूंतून मीठ वेंचणें. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावयास हवी होती.

ती नेली 'सोहो' या यानानें. २ डिसेंबर १९९५ रोजीं युरोप व अमेरिका यांनीं मिळून सोडलेलें हें यान पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवर सूर्याच्या दिशेस अशा ठिकाणीं राहिलें कीं, तेथें रात्र म्हणून नाहीं. त्यावरील एक यंत्र मिनिटाला एक याप्रमाणें सूर्याच्या पृष्ठभागाच्या वेगाचें चित्र घेऊं शके. आणि १९९८ च्या जून महिन्यांत हें यान हरवलें. नेहमींच्या एका तपासणींत आज्ञांमध्यें चुका झाल्या, यान गिरक्या खाऊं लागलें, त्याचे सौर पंखे सूर्याकडून वळले आणि २५ जून रोजीं त्याचा शब्द बंद पडला. महिनाभर पृथ्वीवरून हांका मारल्या जात होत्या. २३ जुलै रोजीं पोर्तो रिको बेटावरील आरेसिबोच्या प्रचंड तबकडींतून रेडिओ-लहरींचा झोत सोडण्यांत आला, त्याचा क्षीण पडसाद कॅलिफोर्नियांतील दुसऱ्या तबकडीनें झेलला, आणि यान आपल्या जागेच्या जवळच, सुमारें मिनिटाला एक याप्रमाणें संथ गिरक्या घेत आहे असें कळलें. ऑगस्टच्या ३ तारखेस त्यानें पहिला हुंकार दिला. त्याच्या टांकींतील इंधन गोठून दगड झालें होतें. तें तुटपुंज्या विजेवर थोडें थोडें वितळवून, सप्टेंबरांत यानाचें तोंड पुन्हां सूर्याकडे वळविलें गेलें. पडसाद झेलून हरवलेल्या वस्तूचा ठाव काढावा, आणि ती वस्तु म्हणजे सूर्याचे पडसाद झेलणारें यंत्र असावें, हा योग मोठा मौजेचा खरा!

त्याच वर्षीं हिंडमन व ब्राउन यांनीं सोहोच्या चित्रांवरून खळ्याविषयीं एक गोष्ट नोंदली, आणि कोडें अधिकच गुंतलें. पृष्ठभागाच्या वेगाच्या चित्रांत खळें स्पष्ट होतें. प्रकाशाच्या तेजाच्या चित्रांत तें मुळींच नव्हतें. साधा ध्वनि वायूला नुसता हलवीत नाहीं, दाबतो आणि तापवितोही. मग तेजांत त्याची खूण कां उमटूं नये? तेव्हां खळ्यांतील कंपन म्हणजे साधा ध्वनि नसून चुंबकीय रेषांशीं कांहींतरी संधान बांधून चाललेली निराळी हालचाल असली पाहिजे, असा संशय बळावला.

संशयाची परीक्षा करावयास साधन हवें होतें, तें ११ फेब्रुवारी २०१० रोजीं आकाशांत गेलें. 'सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी' असें त्याचें नांव. त्यावरील एक कॅमेरा लोहाच्या एका तांबूस रेषेवर लक्ष ठेवून दर ४५ सेकंदांस सबंध बिंबाच्या वेगाचें एक चित्र देतो, म्हणजे अहोरात्रांत १९२० चित्रें. प्रत्येक चित्रांत एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक बिंदु. शिवाय तोच कॅमेरा चुंबकीय रेषा किती प्रबळ आणि किती कलत्या आहेत हेंही मोजतो. दुसरें यंत्र दर २४ सेकंदांस जंबुपार किरणांत चित्रें घेतें. या दोन यंत्रांच्या जोडीचा खरा लाभ उंचीचा आहे. लोहरेषेचा प्रकाश दीप्तिगोलाच्या तळापासून सुमारें दीडशें किलोमीटरांवरून येतो, जंबुपार चित्रांचा साडेतीनशें ते पांचशें किलोमीटरांवरून. जणूं एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर एकाच वेळीं कान लावून बसावें.

या चित्रांतून खळें काढावयाचें कसें? सनईचौघडा वाजत असतां आपला कान सनई निराळी, सूर धरणारा निराळा, चौघड्याचा ठेका निराळा असे आपोआप वेगळे करतो. फूर्ये या फ्रेंच गणितज्ञाची दोनशें वर्षांपूर्वींची रीति हेंच काम आंकड्यांवर करते. चित्रांतील एकच बिंदु घ्यावा. आठ तासांत त्याच्या वेगाचे ६४० आंकडे मिळतील. त्यांतून सहा मिनिटांचा सूर किती, पांचाचा किती, अडीचाचा किती हें वेगळें काढावें. मग दुसरा बिंदु. असे सर्व बिंदु झाले म्हणजे एकेका सुराचा एकेक नकाशा तयार होतो. पांच मिनिटांच्या नकाशांत डाग म्हणजे शाईचा ठपका. अडीच-तीन मिनिटांच्या नकाशांत तोच ठपका, पण त्याच्याभोंवतीं उजळ कडें. संगणकावांचून हें काम कितीही पिढ्यांत उरकलें नसतें.

बंगलोर येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेंतील राजगुरु आणि त्यांचे परदेशस्थ सहकारी यांनीं अशा चार डाग-प्रदेशांचे नकाशे, दोन्ही मजल्यांवरून, २०१३ सालीं प्रसिद्ध केले. त्यांच्या आधीं शुंकर व ब्रॉन यांनीं सोहोच्या चित्रांवरून दाखविलें होतें कीं, खळें जेथें चुंबकत्व मध्यम, म्हणजे दीडशें ते साडेतीनशें गॉसच्या आसपास, आणि रेषा जवळजवळ आडव्या असतात तेथेंच अधिक उजळतें. नव्या नकाशांत असें दिसलें कीं, सुराप्रमाणें, रेषांच्या कलण्याप्रमाणें आणि पाहण्याच्या उंचीप्रमाणें खळ्याचें रूप पालटतें. आणि या पालटण्यांत लहरींच्या वांकण्याची खूण आहे. वांकण्याची म्हणजे काय, हें सांगण्यापूर्वीं थोडें विषयांतर केलें तर वाचक क्षमा करतील.

लहानपणीं सुटींत मी आजोळीं कृष्णाकांठीं जात असें. पलीकडच्या तीरावर एक देऊळ होतें. दिवसा तेथें घंटा वाजली तर अलीकडे कधीं ऐकूं येई, कधीं नाहीं. परंतु हिंवाळ्यांत रात्रीं निजानीज झाल्यावर तेथील भजन ओसरीवर पडल्या पडल्या शब्दन् शब्द ऐकूं येत असे. आजी म्हणे, रात्रीं वारा पडतो म्हणून. तें थोडें खरें. परंतु मुख्य कारण निराळें आहे. रात्रीं पाण्यालगतची हवा थंड होते व वरची त्या मानानें ऊन राहते. ऊन हवेंत ध्वनि जलद चालतो. त्यामुळें वर निघालेल्या ध्वनीचा वरचा भाग पुढें धांवतो, खालचा मागें रेंगाळतो, आणि सबंध लहर कमानीसारखी वांकून पुन्हां खालीं येते. जो आवाज आकाशांत जावयाचा तो पलीकडच्या ओसरीवर उतरतो.

स्पेनच्या कॅनरी बेटांवरील खोमेन्को व कोयादोस यांनीं २००९ सालीं गणितानें सुचविलें तें हेंच. डागाच्या भोंवतीं जसजसें वर जावें तसतसा वायु विरळ होतो, पण चुंबकीय रेषा तितक्या विरळ होत नाहींत. खालीं लहरीचा वेग वायूच्या दाबानें ठरतो; एका विशिष्ट उंचीच्या वर तो रेषांच्या ताणानें ठरूं लागतो, आणि तेथून तो उंचीबरोबर झपाट्यानें वाढतो. शांत सूर्यावर जी आंखूड लहर निसटून गेली असती ती येथें या वेगवान् थरांत शिरतांच कमानीसारखी वांकते आणि परत दीप्तिगोलावर येते. कॅमेरा तिला जातांना मोजतो व येतांना पुन्हां मोजतो. त्या दुहेरी नोंदीचें नांव खळें! पांच मिनिटांच्या लहरी या थरापर्यंत पोंचतच नाहींत, त्या खालच्या भिंतीवरूनच परततात. म्हणून त्यांना खळें नाहीं. आणि डागाच्या मध्यभागीं चुंबकत्व इतकें प्रबळ कीं, हा सांधा दीप्तिगोलाच्याही खालीं पडतो. तेथें वळलेली लहर आपल्या दृष्टीच्या थरापर्यंत येतच नाहीं. म्हणून खळें डागाच्या आंत नाहीं, भोंवतींच आहे. ऑस्ट्रेलियांतील मोनाश विद्यापीठांतील मंडळींनीं राजगुरु यांच्यासह २०१६ सालीं संगणकांत डागाची त्रिमित प्रतिकृति करून तींत लहरी सोडल्या, तेव्हां अशींच खळीं उमटलीं. नव्या आवाजाचा, उकळीचा किंवा विखुरण्याचा वांटा त्यांत मुळींच नाहीं असें कोणी छातीठोकपणें म्हणत नाहीं. परंतु झरा कीं पडसाद या वादांत पडसादाचें पारडें आज पुष्कळच जड आहे, असें माझें मत झालें आहे.

येथें बंगलोरच्या संस्थेविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं, कारण तिच्या मुळाशीं आपल्या पुण्याचा एक धागा आहे. ही संस्था १८९९ सालीं स्थापन झालेल्या कोडाईकनाल वेधशाळेची वारस. तेथें ५ जानेवारी १९०९ रोजीं जॉन एव्हरशेड यानें डागाच्या कडेच्या उपच्छायेंतून वायु बाहेरच्या दिशेस वाहतो हें शोधून काढलें; वेग सेकंदास किलोमीटर-दोन किलोमीटर. डागाच्या कलत्या कडेंत कांहींतरी विशेष चाललें आहे, ही पहिली वार्ता जगाला तेथून मिळाली. त्याची पत्नी मेरी हीही सूर्याची अभ्यासक होती, आणि दान्ते कवीच्या काव्यांतील ज्योतिषावर तिनें ग्रंथ लिहिला आहे. संसार, दुर्बीण व काव्य तिनें एकत्र कसें सांभाळलें असेल याचें कौतुक वाटतें. तिकडे पुण्यास कावसजी दादाभाई नायगांवाला यांनीं सायन्स कॉलेजांत भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून वेधशाळा उभारली होती. १८९८ च्या जानेवारींतील खग्रास ग्रहण त्यांनीं सोलापूरकडील जेऊर येथें जाऊन पाहिलें. ते निवृत्त होतांच १९१२ सालीं ती वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालास रवाना झाली. पुण्याच्या पदरीं सूर्याची दुर्बीण पुन्हां पडावयास शंभरावर वर्षें लागलीं : २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेल्या 'आदित्य' यानावरील जंबुपार दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनें इस्रो व इतर संस्थांच्या साहाय्यानें घडविली आहे. ती ज्या किरणांत चित्रें घेते ते दीप्तिगोल व वर्णगोल यांमधील नेमक्या त्या मजल्यांवरून येतात, जेथें या लहरी वांकतात.

एवढा खटाटोप एका कड्यासाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर डॉक्टरच्या नळींत आहे. डॉक्टर छातीवर नळी ठेवतो तेव्हां रोग्याच्या अंगांतील जाड बंडीचें घासणें त्यानें श्वासाचा दोष समजला तर निदान चुकेल. डागाखालीं काय आहे, डाग किती खोल जातो, हें सूर्याच्या नादावरून सांगणाऱ्यांची अशी फसगत होण्याचा धोका खरा आहे. जानेवारी २००२ मध्यें सोहोनें नऊ दिवस पाहिलेल्या एका सुरेख वाटोळ्या डागावर (क्रमांक ९७८७) निरनिराळ्या पद्धति चालवून गिझाँ व त्याच्या अनेक सहकाऱ्यांनीं २००९ सालीं तुलना मांडली. पृष्ठभागाच्या लगतच्या थरांत ध्वनि नेहमींपेक्षां जलद चालतो असें एका पद्धतीनें निघे, मंद चालतो असें दुसरीनें! दोन वैद्यांनीं एकाच नाडीवर बोट ठेवून एकानें ताप म्हणावें व दुसऱ्यानें गारठा, असा प्रकार. डागाचा चुंबकीय पडदा लहरींना वेडावांकडा करतो, याला लिंडसे व ब्रॉन यांनीं न्हाणीघराच्या दुधी कांचेची उपमा दिली आहे. पलीकडे माणूस आहे एवढें दिसतें. चेहरा दिसत नाहीं. खळें हा त्या कांचेचाच उजळ कांठ. कांच लहरींशीं काय करते हें जेव्हां नक्की कळेल, तेव्हांच तिच्या पलीकडचा चेहरा हिशेबानें सरळ करतां येईल.

आणि हा प्रश्न केवळ जिज्ञासेचाही नाहीं. १३ मार्च १९८९ रोजीं सूर्यावरील वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज बंद पाडली व साठ लाख माणसें सुमारें नऊ तास अंधारांत बसलीं. असा डाग पलीकडच्या बाजूस वाढत असला तर तो वळून समोर येण्याआधीं कळावा, यासाठींच ती पलीकडची चाहूल घेतली जाते. लहरी सूर्याच्या पोटांतून कांहीं तासांचा प्रवास करून पलीकडे आपटून येतात. तेथें डाग असेल तर त्यांच्या वेळेंत कांहीं सेकंदांचा फरक पडतो. ही चाहूल लांब लहरींची आहे, खळें आंखूड लहरींचें. परंतु दोहोंची गांठ पडते ती डागाच्या त्याच चुंबकीय रेषांशीं, आणि सेकंदांचा हिशेब चुकवितात त्याही त्याच.

१३६६४ च्या बाबतींत हा हिशेब पडताळून पाहण्याची संधि मिळाली. 'सोलर ऑर्बिटर' हें यान त्या सुमारास सूर्याच्या पलीकडच्या अंगास होतें. डाग तेथें जिवंत आहे आणि २० मे रोजीं त्यानें एक प्रचंड ज्वाला फेंकली, हें त्यानें प्रत्यक्ष टिपलें. २७ मे रोजीं तो बिंबाच्या उगवतीच्या कडेवर येऊन ठेपला, तो दुसरी ज्वाला उडवीतच. वहींत त्याला नवा क्रमांक मिळाला : १३६९७.